५५० च्या मागचा माणूस

'मेलर डीमन'चं पत्र तुम्हाला कधी आलंय? तुमचा मेल पोचला नाही, असा पत्ता इथे नाही, आणि मध्येच एक आकडा, ५५०. आपण ते न वाचताच डिलीट करून टाकतो. तो आकडा ज्यांच्या कागदातून आपल्यापर्यंत आला, त्या जॉन पोस्टेल यांच्याबद्दल थोडंसं. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावचा. शाळा व्हॅन नाईज हायस्कूल. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे. एका शाळेने इंटरनेटला किती माणसं द्यावीत! पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून १९६६ ला पदवी, १९६८ ला मास्टर्स आणि १९७४ ला पीएच. डी. याच विद्यापीठात १९६९ साली अर्पानेटचं पहिलं मशीन जोडलं गेलं, तेव्हा पोस्टेल तिथे विद्यार्थीच होते. म्हणजे आपल्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठे, फार काही नाही.

नेटवर्क चालवायचं तर नियम लिहून ठेवायला हवेत. त्यासाठी क्रॉकरने एप्रिल १९६९ मध्ये आरएफसी नावाची टिपणं सुरू केली. ती तपासणं, दुरुस्त करणं, क्रमांक देणं, आणि कोणता नंबर कोणाला दिला याची नोंद ठेवणं, असलं कंटाळवाणं काम कोणाला हवं असतं? आपल्याकडे प्रोजेक्ट ग्रुपमध्ये रिपोर्टचं काम कोणाच्या गळ्यात पडतं ते आठवा. पोस्टेल यांनी ते स्वतःहून घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. १९७७ पासून ते मरीना डेल रे इथल्या संशोधन संस्थेत होते. लांब दाढी, पायात सँडल्स, आणि सुट्टी मिळाली की डोंगरात.

त्यांच्या हातून आलेले कागद आपण सिलॅबसमध्ये शिकतोच. यूडीपी १९८० चा, आयपी आणि टीसीपीचे मसुदे १९८१ चे. मला मात्र सगळ्यात आवडतो तो ऑगस्ट १९८२ चा आरएफसी ८२१, म्हणजे एसएमटीपी. तो वाचायला सोपा आहे. एक सर्व्हर दुसऱ्याला आधी आपलं नाव सांगतो, मग मेल कोणाकडून, कोणाला, आणि मग मजकूर. प्रत्येक पायरीला तीन आकडी उत्तर. पहिला आकडा २ असेल तर काम झालं, ४ असेल तर नंतर ये, ५ असेल तर नाही म्हणजे नाही. त्या काळी पत्त्यातच वाटेतली मशीन्स लिहिता यायची, एसटीच्या पाटीवर 'मार्गे संगमनेर' लिहितात तशी. पुढे डीएनएस आलं, १९८६ मध्ये एमएक्स नोंदींनी कुठे न्यायचं ते ठरायला लागलं, आणि 'मार्गे'ची गरज संपली.

पण त्यातला खरा नियम वेगळाच आहे. सर्व्हरने मेल पुढे न्यायला घेतला आणि तो पोचेना, तर पाठवणाऱ्याला कळवायचं. गुपचूप गिळायचा नाही. आणि हे कळवायचं पत्र पाठवताना पाठवणाऱ्याचा रकाना रिकामा ठेवायचा, म्हणजे दोन सर्व्हर एकमेकांना तक्रारी परत करत बसत नाहीत.

हे मला कळलं ते सुट्टीत एका कंपनीत ट्रेनिंगला गेले तेव्हा. (नाव नको!) तिथे शाखेतल्या काही लोकांना मेल मिळेनात, एका टेंडरचं पत्रही अडकलं होतं. मुख्य ऑफिसचा सर्व्हर मेल शाखेच्या सर्व्हरकडे ढकलायचा. त्याच्या यादीत ही नावंच नव्हती, आणि ओळखीचं नाव नसलं की मेल मुख्य ऑफिसकडे पाठवायचा, असं त्याला सांगून ठेवलेलं! मेल फुटबॉलसारखा फिरत राहायचा. तिथल्या सरांनी बाउन्स झालेल्या एका मेलचे हेडर उघडले. प्रत्येक सर्व्हर मेलच्या डोक्यावर 'रिसीव्ह्ड'ची एक ओळ चढवतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. तीच दोन नावं आलटून पालटून येत होती. शेवटी ओळी मर्यादेपलीकडे गेल्या म्हणून सर्व्हरने हात टेकले होते. सरांनी शाखेच्या यादीत नावं घातली, आणि अनोळखी नाव आलं की पुढे न ढकलता सरळ ५५० द्यायला लावलं. अर्ध्या तासात टेंडरचं पत्र पोचलं. ही शिक्क्याची ओळ आरएफसी ८२१ मध्येच सांगितलेली आहे.

या कागदावर टीकाही होते, आणि ती बरोबर आहे. पाठवणारा खरा कोण हे त्यात तपासतच नाहीत. आपण वाटेल ते नाव लिहावं आणि सर्व्हरने मानावं! आज आपल्या इनबॉक्समध्ये येणारा कचरा त्याच दारातून येतो. पण १९८२ ला सगळ्या नेटवर्कवर काहीशे मशीन्स होती आणि लोक एकमेकांना ओळखत. पोस्टेल यांचं धोरणच तसं होतं, आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याचं घेताना सैल.

हाच विश्वास त्यांच्या अंगाशीही आला. इंटरनेटची नावं शेवटी कोणाच्या ताब्यात असावीत यावर अमेरिकेत वाद पेटला होता. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक मेल पाठवला : नावांची मुख्य यादी यापुढे माझ्या मशीनवरून घ्या. आणि त्यांनी खरंच घेतली! एका मेलवर, कुठलाही सरकारी शिक्का नसताना. वापरणाऱ्यांना काही जाणवलं नाही, पण वॉशिंग्टनमध्ये गडबड उडाली. ती फक्त चाचणी होती असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि सगळं पूर्ववत केलं. मला विचाराल तर, एका माणसावर इतकं अवलंबून राहणं धोक्याचंच होतं. पण तीस वर्षं नंबर वाटून त्यांनी ही ताकद स्वतःसाठी कधी वापरली नाही, हेही खरं.

हृदयाची एक झडप त्यांनी १९९१ मध्ये बदलून घेतली होती. ३० सप्टेंबर १९९८ ला ते काम सांभाळायला आयकॅन ही संस्था उभी राहिली, आणि जेमतेम दोन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर लॉस एंजेलिसमध्ये पोस्टेल गेले. वय ५५. मित्र व्हिंट सर्फ यांनी श्रद्धांजली लिहिली. ती आरएफसी म्हणूनच छापली गेली, तिचा क्रमांक २४६८.