जयपूरला जाताय? आधी सवाई जयसिंगांना भेटा



सुट्टीत जयपूरला जायचं ठरवलंत तर तुमच्या यादीत हवामहल आणि गुलाबी बाजार नक्की असणार. पण गंमत बघा, ज्यांनी हे शहर वसवलं त्यांनी या दोन्ही गोष्टी कधी पाहिल्याच नाहीत! हवामहल त्यांच्या नातवाने १७९९ मध्ये बांधला. शहराला गुलाबी रंग १८७६ मध्ये दिला गेला, तोही इंग्लंडचे युवराज येणार म्हणून. मग खुद्द सवाई जयसिंगांचं तिथे काय आहे? ते मुलांना आधी सांगा, म्हणजे सहलीला अर्थ येईल.

जयसिंगांचा जन्म १६८८ चा, आमेरच्या राजघराण्यातला. वडील गेले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, म्हणजे आपल्या पाचवी-सहावीतल्या मुलाएवढे. त्या वयात गादी आणि पाठोपाठ लढाई. १७०२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेबरोबर ते आपल्या विशाळगडाच्या वेढ्यातही होते. इतरांपेक्षा सव्वापट हुशार म्हणून बादशहाने त्यांना 'सवाई' म्हटलं, असं सांगतात.

राजकारण आणि लढाया आयुष्यभर सुटल्या नाहीत, पण त्यांचा जीव रमला तो गणितात आणि आकाशात. त्या काळी पंचांगासाठी ग्रहांची कोष्टकं वापरत. जयसिंगांच्या लक्षात आलं, की कोष्टकात लिहिलेली ग्रहाची जागा आणि प्रत्यक्ष आकाशातली जागा जुळत नाही. आता इथे थांबा आणि विचार करा. पुस्तक एक सांगतंय आणि डोळ्यांना दुसरंच दिसतंय, तर आपण काय करतो? बहुतेक वेळा पुस्तकच खरं मानतो. जयसिंगांनी मोजायचं ठरवलं.

पितळेची यंत्रं लहान असायची, झिजायची, हलायची. म्हणून त्यांनी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रं उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी अशा पाच ठिकाणी वेधशाळा झाल्या. ज्ञान कुठून येतंय याचा त्यांनी भेदभाव केला नाही. पंडित जगन्नाथांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. पोर्तुगालला माणसं पाठवून युरोपातली कोष्टकं मागवली आणि तीही आकाशाशी ताडून पाहिली, तर त्यांतही चुका सापडल्या!

शहरही तसंच मोजून-मापून उभं केलं. डोंगरातलं आमेर अपुरं पडू लागलं, म्हणून १७२७ मध्ये सपाटीवर जयपूरची पायाभरणी झाली. मूळचे बंगालचे विद्याधर भट्टाचार्य यांनी आखणीत मोठा वाटा उचलला. सरळ रुंद रस्ते, काटकोनात चौक, नऊ भाग. वहीतल्या चौकटींसारखं शहर!

१७४३ मध्ये जयसिंग गेले. पुढे गादीसाठी त्यांच्या मुलांमध्ये भांडणं झाली आणि वेध घ्यायचं काम मागे पडलं. मथुरेची वेधशाळा तर आज उरलेलीही नाही. शिक्षक म्हणून मला हीच गोष्ट लागते. यंत्रं दगडाची होती म्हणून टिकली. पण रोज मोजायची, शंका घ्यायची सवय दगडात टिकत नाही. ती पुढच्या पिढीत रुजवावी लागते.

आता माझी चूक सांगते. डिसेंबरात आम्ही जंतरमंतर पाहिलं. सत्तावीस मीटर उंचीचं सम्राट यंत्र, म्हणजे मोठं सूर्यघड्याळ, त्यासमोर फोटो काढले. लेकीने माझ्या मनगटावरचं घड्याळ आणि यंत्रावरची सावली ताडून पाहिली, तर जवळपास अर्ध्या तासाचा फरक! यंत्र जुनं झालंय, असं सांगून मी मोकळी झाले. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, यंत्र बरोबरच होतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि जयपूर त्याच्या पावणेसात अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरा, सत्तावीस मिनिटं होतात. वर्षभरात हा फरक थोडा कमी-जास्त होतो, एवढंच. लेकीने जयसिंगांसारखं केलं होतं आणि मी, शिक्षिका असून, तिला गप्प केलं होतं. घरी आल्यावर तिची माफी मागितली आणि दोघींनी मिळून ते गणित सोडवलं.

म्हणून एक विनंती. जयपूरला जाण्याआधी शाळेच्या मैदानात किंवा गच्चीवर एक काठी उभी करा. मुलांना दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकावर खूण करू द्या. मग सम्राट यंत्रापाशी निदान दहा मिनिटं शांत बसा. तिथली सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, नुसत्या डोळ्यांनी दिसते. मुलं प्रश्न विचारतील. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा, आणि त्यांच्याबरोबर मोजायला बसा.