हात चुकला आणि हेल्महोल्ट्झ खूश झाला!

कँटीनमध्ये कटिंगचा ग्लास उचलताना तुम्ही मोजमाप करता का? नाही ना. गप्पा चालू असतात, हात आपसूक जातो. ग्लासला टेकण्याआधीच बोटं बेताने उघडलेली असतात. कप असता तर कानाच्या अंदाजाने दोनच बोटं पुढे आली असती. डोळ्यांना वस्तू जशी दिसते, तशी हाताची तयारी. डोळा आणि हाताचं हे गूळपीठ एका माणसाने मुद्दाम बिघडवून पाहिलं : हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ. हो, प्रॅक्टिकलला ज्याच्या नावाची कॉईल असते, तोच.

१८२१ मध्ये पॉट्सडॅमला जन्म. वडील शिक्षक, घरची बेताची. पोराला हवं होतं फिजिक्स, पण परवडणारं होतं मेडिकल, तेही बर्लिनच्या लष्करी संस्थेत. शिक्षण फुकट, बदल्यात आठ वर्षं सैन्यात डॉक्टरकी. (आपल्याकडच्या बाँडची आठवण झाली ना?) गडी रडत बसला नाही. बराकीतच त्याने प्रयोगशाळा थाटली. १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला, तो नामवंत नियतकालिकाने नाकारला, तर स्वतंत्र पुस्तिका काढली. तेव्हा वय अवघं २६. पुढे बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने धावतो ते मोजलं. डोळ्याच्या आत डोकावायचं यंत्र बनवलं.

आता त्याचा तो भन्नाट प्रयोग. डोळ्यांवर लोलकाच्या काचा लावायच्या, म्हणजे समोरचं सगळं बाजूला सरकलेलं दिसतं. समजा, डावीकडे. वस्तू नीट बघायची, डोळे मिटायचे आणि हात घालायचा. डोळे मिटणं महत्त्वाचं, नाहीतर हात वाटेतच चूक सुधारतो. हात अर्थातच वस्तूच्या डावीकडे पडतो. मग काचा तशाच ठेवून, हाताकडे बघत थोडा वेळ वस्तू चाचपायच्या. पुन्हा डोळे मिटा, आता हात बरोब्बर पोचतो! खरी गंमत पुढे. काचा काढल्या की नजर एकदम चोख, पण हात चुकतो, आणि तोही उजवीकडे.

हेल्महोल्ट्झला हेच हवं होतं. दिसणाऱ्या जागेचा अर्थ आपण जन्मतः घेऊन येतो, असं मानणारे दिग्गज तेव्हा होते. त्याचं म्हणणं उलटं : मेंदू अनुभवातून, आपल्या नकळत, अंदाज बांधतो. अंदाज शिकलेला असेल, तर तो नव्याने शिकवताही येणार. एका प्रयोगाने वाद मिटला नाही, पण त्याची बाजू भक्कम झाली.

१८९४ मध्ये तो गेला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९९८ मध्ये, फ्रान्समधल्या संशोधकांनी याच काचा पेशंटना लावल्या. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काहींचं डावीकडचं जगच हरवतं. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं. त्यांना उजवीकडे सरकवणाऱ्या काचा लावून समोरच्या खुणांकडे हात न्यायचा सराव दिला. काचा काढल्यावर हात डावीकडे वळला आणि काही काळ लक्षही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण ज्यांना येतो, त्यांना ताटाची ती बाजू पुन्हा सापडते.