कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे : विलायतेतील शिक्षण व स्वदेशातील सेवा

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा कोणाचे चरित्र निवडावे याविषयी आमच्या मनात फारसा संदेह उरला नाही. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या अनेक घरांतून आज मुले व मुलीही अनुभवासाठी, उमेदवारीसाठी अथवा उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. ज्या घरातील आजोबांनी हैदराबादेपलीकडचा मुलूख पाहिला नव्हता, त्या घरातील नातवाचे पत्र आज जर्मनीहून येते. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु परदेशी जाऊन मनुष्याने नेमके काय शिकावे आणि परत येताना काय घेऊन यावे, हा प्रश्न आईबापांच्या मनात घोळत असतो. या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या आयुष्याने देऊन ठेवणारे एक पुरुष मराठा समाजात जन्मास आले होते. त्यांचे नाव कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे.

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी या संस्थानी गावी झाला. हे गाव आज कर्नाटकात आहे. वडील रामजीबाबा हे पंढरीचे वारकरी. आई यमुनाबाई या सोशिक व प्रेमळ गृहिणी. घरात भजन व अभंग, अंगणात येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता, आणि घराबाहेर पाऊल टाकताच कानडी भाषा. मराठी व कानडी या दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर लहानपणापासूनच पडल्या. लिंगायत, जैन, मुसलमान, ब्राह्मण, मराठे असे सर्व लोक त्या मुलखात शेजारी शेजारी राहत. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या भागांतील आमच्या वाचकांस हे चित्र नवे वाटणार नाही. आपल्याकडेही एका पेठेत तेलुगू, कानडी, उर्दू व मराठी ऐकू येते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात पंजाबातून आलेले यात्रेकरू आपल्या गोदातीरावर नित्य दिसतात. परक्या माणसाशी कसे वागावे, याचा पहिला धडा मनुष्य बहुधा आपल्या गावच्या वेशीच्या आतच शिकतो. विठ्ठलरावांच्या बाबतीत तसेच घडले असावे असे आम्हांस वाटते. पुढे त्यांनी कानडी व मराठी या भाषांच्या परस्परसंबंधावर जे संशोधन केले, त्याचे बीज या बालपणातच होते.

घरची परिस्थिती उतरती होती. १८९१ साली मॅट्रिक झाल्यावर विठ्ठलरावांस काही काळ नोकरी करावी लागली. तथापि विद्येची तहान त्यांस स्वस्थ बसू देईना. ते पुण्यास आले आणि १८९३ साली फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. या वेळी त्यांस ज्या संस्थेने विद्यार्थिवेतन दिले, ती गंगारामभाऊ म्हस्के यांची डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन होय. पुढे बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचाही आश्रय त्यांस लाभला. ज्ञातीच्या संस्थेने वेळेवर केलेले अल्प साह्य एखाद्या तरुणाच्या आयुष्यास कशी दिशा देते, हे आपल्या शिष्यवृत्ती निधीस देणगी देणाऱ्या सद्गृहस्थांनी येथे अवश्य ध्यानात घ्यावे.

१८९८ साली विठ्ठलराव बी. ए. झाले. कायद्याचा अभ्यास सुरू होता. वकील होऊन सुखाने संसार करण्याची वाट समोर मोकळी होती. परंतु न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, नारायणराव चंदावरकर यांच्या सहवासाने त्यांचे मन प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले. त्यांनी वकिलीचा नाद सोडला आणि धर्मप्रचारकाचे काम पत्करले. इंग्लंडमधील युनिटेरियन पंथाच्या मंडळींकडून ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात शिकण्यासाठी एक शिष्यवृत्ती मिळत असे. प्रार्थनासमाजाच्या शिफारशीने ती विठ्ठलरावांस मिळाली, आणि १९०१ च्या सप्टेंबरात वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पत्नी रुक्मिणीबाई व कुटुंबीयांचा निरोप घेऊन, ते मुंबईहून बोटीने निघाले.

त्या काळी समुद्रपर्यटन ही साधी गोष्ट नव्हती. निघणारा बहुधा एक तर बॅरिस्टर होण्यासाठी निघे किंवा सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेसाठी. विठ्ठलराव निघाले ते धर्माचा अभ्यास करण्यासाठी. आणि तोही केवळ पुस्तकांतून नव्हे, तर परक्या लोकांत राहून, त्यांचे धर्मकार्य प्रत्यक्ष पाहून. आजच्या भाषेत बोलायचे तर ती दोन वर्षांची उमेदवारीच होती.

मँचेस्टर कॉलेजात कोणत्याही एका मताची सक्ती नसे. तेथे विठ्ठलरावांस एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे गुरू लाभले. कार्पेंटर हे ख्रिस्ती धर्माचे पंडित तर होतेच, परंतु बौद्धांच्या पालि ग्रंथांच्या संपादनातही त्यांनी भाग घेतला होता. इंग्लंडात जन्मलेला एक ख्रिस्ती विद्वान आपल्या भूमीतील बुद्धवचनांचा आदराने अभ्यास करतो, हे पाहून जमखंडीच्या वारकऱ्याच्या मुलास काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. दुसऱ्याचा धर्म समजून घेताना आपला धर्म सोडावा लागत नाही, आणि आपल्या धर्मावर प्रेम असले म्हणून दुसऱ्याचा हिणवावा लागत नाही, ही तौलनिक धर्मशास्त्राची शिकवण त्यांस तेथे मिळाली. घरात ऐकलेले तुकोबांचे अभंग त्यांनी विलायतेस जाऊन टाकून दिले नाहीत. उलट जगातील इतर संतांच्या शेजारी ठेवून ते अधिक डोळसपणे वाचले.

परंतु कॉलेजचा वर्ग हा त्यांच्या शिक्षणाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग वर्गाबाहेर झाला. सुट्यांत ते हिंडत, पाहत, लोकांच्या ओळखी करून घेत. लंडनसारख्या वैभवशाली नगरीत गरिबांच्या गलिच्छ वस्त्याही आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. युनिटेरियन मंडळींनी अशा वस्त्यांतून जी सेवाकेंद्रे चालविली होती, त्यांचे काम त्यांनी बारकाईने न्याहाळले. तेथे उपदेशाबरोबर मुलांची शाळा, आजाऱ्याची विचारपूस व व्यसनाधीनाला धीर देणे ही कामेही चालत. धर्म म्हणजे केवळ रविवारची प्रार्थना नसून सोमवारपासून शनिवारपर्यंत दुबळ्याच्या दारी जाणे होय, हा विचार त्यांच्या मनावर कायमचा ठसला. तेथील चालीरीतींविषयी त्यांनी विलायतेहून पत्रे लिहिली व ती इकडील नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली. पाहिलेले लिहून काढण्याची ही सवय आमच्या तरुण वाचकांनी अवश्य उचलावी. डोळ्यांनी पाहिलेले विसरते. लिहून काढलेले विचारात पडते.

परदेशी गेलेल्या मनुष्यास दोन प्रकारची बाधा होण्याचा संभव असतो. एक म्हणजे दिपून जाणे व आपले ते सर्व टाकाऊ समजणे. दुसरी म्हणजे नाक मुरडणे व त्यांचे ते सर्व भ्रष्ट समजणे. विठ्ठलराव या दोन्हींपासून मुक्त राहिले. राज्यकर्त्यांच्या देशातील दारिद्र्य पाहिल्यामुळे ते दिपले नाहीत, आणि तेथील सामान्य माणसांतील सेवावृत्ती पाहिल्यामुळे त्यांनी नाक मुरडले नाही. १९०३ साली ॲमस्टरडॅम येथे उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानातील उदार धर्म या विषयावर त्यांनी निबंध सादर केला. नाना देशांच्या विद्वानांपुढे आपल्या देशाची बाजू मांडण्याइतका आत्मविश्वास दोन वर्षांत त्यांस आला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते स्वदेशी परतले.

आता खरी परीक्षा सुरू झाली. ऑक्सफर्डहून आलेल्या तरुणास त्या काळी संस्थानात किंवा सरकारात मानाची जागा मिळणे अवघड नव्हते. विठ्ठलरावांनी प्रार्थनासमाजाचे प्रचारकाचे तुटपुंज्या वेतनाचे काम हाती घेतले. लंडनच्या गरीब वस्त्या पाहून आलेली त्यांची दृष्टी आता आपल्याच गावांकडे वळली. आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर एक वस्ती आहे आणि तिच्यात राहणाऱ्या माणसाची सावलीसुद्धा आपल्यास चालत नाही, ही गोष्ट त्यांच्या काळजास झोंबली. ऑक्सफर्डला परधर्मीयांच्या पंक्तीस बसणारा मनुष्य आपल्याच गावच्या महारामांगाच्या झोपडीत बसण्यास कचरत असेल, तर त्याने विलायतेत काय शिकले? हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला असला पाहिजे. कारण पुढील सारे आयुष्य हे त्याचेच उत्तर आहे.

त्यांनी प्रथम गावोगाव हिंडून माहिती जमविली. १९०१ च्या खानेसुमारीतील आकडे तपासून अस्पृश्यांची संख्या व स्थिती यांवर लेखन केले. मग १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईस परळ येथे निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, या संस्थेची स्थापना होऊन पहिली शाळा सुरू झाली. अध्यक्ष नारायणराव चंदावरकर होते. मिशन हा शब्द व ती कार्यपद्धती विलायतेतून आली. परंतु तीत प्राण भरला तो वारकऱ्याच्या घरच्या भूतदयेने. शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण, दवाखाना, भजन असे कार्य वाढत गेले व पुणे, हुबळी इत्यादी ठिकाणी शाखा निघाल्या. पुण्यातील अहल्याश्रम याच कार्याचे फळ होय. त्यांच्या भगिनी जनाबाई यांनीही या कामास वाहून घेतले. घरातील मंडळींनी अस्पृश्य मुलांबरोबर एकत्र राहणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे आमच्या पिढीस तरी सांगावयास नको.

१९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करावेत असा ठराव संमत झाला, त्यामागे विठ्ठलरावांचे परिश्रम होते. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईस अस्पृश्यता निवारण परिषद भरली, तिचे अध्यक्ष सयाजीराव महाराज होते. मुरळी सोडण्याच्या दुष्ट चालीविरुद्ध विठ्ठलराव झगडले, शेतकऱ्यांच्या परिषदा त्यांनी गाजविल्या, आणि १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवासही भोगला. १९३३ साली त्यांचा भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यांच्या राजकीय प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचा मतभेद झाला. ज्या समाजाचे दुःख आहे त्याचे नेतृत्व त्याच समाजातून आले, हा काळाचा न्यायच होता. परंतु त्यामुळे विठ्ठलरावांच्या आधीच्या तपाचे मोल उणे होत नाही.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगणार आहोत, कारण ती ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेतच सांगावयास हवी. १९२० साली कायदेमंडळाच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा होत्या. तेथून उभे राहिले असते तर विठ्ठलरावांचा मार्ग सोपा होता. त्यांनी राखीव जागा नाकारली, बहुजनपक्षाच्या वतीने पुण्याच्या सर्वसाधारण जागेसाठी ते उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्ञातीच्या साह्याने शिकलेला हा पुरुष ज्ञातीच्या कुंपणात राहावयास तयार नव्हता. याची किंमत त्यांस मोजावी लागली. अस्पृश्यांत मिसळतो म्हणून स्वजातीयांतील अनेक जण त्यांच्यापासून दुरावले. आणि उच्चवर्णीय सुधारकांसही त्यांचा स्वतंत्र बाणा नेहमीच रुचला असे नाही. अखेरची वर्षे आजारपणात व बऱ्याच अंशी उपेक्षेत गेली. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा हयातीचा काळ आपल्या मराठवाड्यात निजामी अमलाचा होता. मातृभाषेत उच्च शिक्षण नाही, सभा भरविण्यास मोकळीक नाही, अशी स्थिती १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. पुढे १९५८ साली मराठवाड्यास विद्यापीठ मिळाले आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले. एवढ्या उशिराने दारे उघडलेल्या प्रांतातील आपली मुले आज जगभर जात आहेत, म्हणून त्यांच्यावर जबाबदारीही मोठी आहे.

त्यांस आमचे सांगणे थोडके आहे. ज्या देशी जाल तेथील भाषा चार वाक्यांपुरती न शिकता माणसांशी सुखदुःख बोलता येईल इतकी शिका. आपल्याच प्रांताच्या मित्रमंडळींत कोंडून घेऊ नका. तेथील श्रीमंत बाजारपेठांबरोबर तेथील गरिबांच्या वस्त्याही पाहा. त्यांच्या चालीरीती आपल्याहून निराळ्या दिसल्या, तर हसण्यापूर्वी त्यामागचे कारण विचारा. वेळ पाळणे, दिलेला शब्द राखणे, हाताने काम करण्याची लाज न बाळगणे हे त्यांचे गुण घ्या; परंतु आपल्या आईच्या ओव्या व आजोबांची वारी टाकून देऊ नका.

आणि ज्ञातिबांधवांसही विनंती आहे. आपण परदेशी गेलेल्या मुलाचा सत्कार करतो, त्याचे छायाचित्र स्मरणिकेत छापतो. ते योग्यच आहे. परंतु परदेशी सर्व वर्णांच्या व धर्मांच्या लोकांबरोबर एका टेबलाशी जेवलेला आपला मुलगा गावी परतल्यावर आपल्या शेजारच्या वस्तीतील मित्रास घरी जेवावयास आणू पाहील, तेव्हा आपण त्यास काय म्हणणार आहोत? विठ्ठलरावांची जयंती साजरी करणाऱ्या संस्थेने हा प्रश्न टाळता कामा नये. संस्था ज्ञातीची असली तरी तिच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली मुले साऱ्या समाजाची व्हावीत, यातच संस्थेचे सार्थक आहे. म्हस्के यांच्या संस्थेने एका मराठा विद्यार्थ्यास मदत केली, आणि त्या मदतीचे व्याज वेशीबाहेरच्या हजारो मुलांना मिळाले.

आपल्या घरांतून परदेशी निघालेल्या सर्व मुलामुलींस आमचा मनःपूर्वक आशीर्वाद आहे. त्यांनी विद्या मिळवावी, कीर्ती मिळवावी, आणि परतताना असे डोळे घेऊन यावे, की ज्यांना आपल्याच गावातील आजवर न दिसलेली माणसे दिसू लागतील.