मार्कोनीची तार

(बिनतारी संदेशवहनाचा पाया घालणाऱ्यांमध्ये गुग्लिएल्मो मार्कोनी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी विजेच्या लहरींचा शोध लावला नाही. पण साध्या तारेवर वर्षानुवर्षे प्रयोग करून त्या लहरी समुद्रापार नेल्या. त्यांच्या चिकाटीची आणि चुकलेली वाट सोडण्याच्या धैर्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा हे मुंबई-दिल्लीपासून दूरचे गाव. एके काळी अशा गावात मोठा रेडिओ आणला, की त्याच्याबरोबर तांब्याची तारही आणावी लागे. ती छपरावरच्या बांबूपासून अंगणातल्या झाडापर्यंत ताणायची आणि तिचे टोक खिडकीतून आत घेऊन रेडिओला जोडायचे. या तारेला एरियल म्हणत. तार उंच आणि नीट बांधलेली असली, तर रात्री रेडिओ सिलोनची गाणी आणि लंडनहून येणाऱ्या बीबीसीच्या उर्दू बातम्या स्पष्ट ऐकू येत. तार खाली आली, की नुसती खरखर! उंच बांधलेल्या तारेचे हे सामर्थ्य एका तरुणाने आपल्या वडिलांच्या घरामागील बागेत ओळखले. त्याचे नाव गुग्लिएल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. त्याचे वडील सधन जमीनदार होते. आई आयर्लंडची होती. त्यामुळे इटालियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा त्याला लहानपणापासून येत. शाळेच्या अभ्यासात मात्र तो फारसा चमकला नाही. त्याला विद्यापीठातही प्रवेश मिळाला नाही. पण विजेचे आणि यंत्रांचे त्याला वेड होते. शेजारी राहणाऱ्या प्राध्यापक रीगी यांच्याकडून त्याने पुष्कळ माहिती मिळवली.

१८९४ साली तो वीस वर्षांचा होता. त्या वर्षी जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्झ यांचे निधन झाले. विजेची ठिणगी पाडली, की अदृश्य लहरी निर्माण होतात आणि त्या तारेशिवाय हवेतून जातात, हे हर्ट्झ यांनी काही वर्षांपूर्वी सिद्ध केले होते. त्यांच्या कार्याची माहिती मार्कोनीच्या वाचनात आली. या लहरींच्या साहाय्याने संदेश का पाठवता येणार नाही, या विचाराने त्याला घेरले. त्या काळी तारायंत्र होते. पण त्यासाठी गावोगाव खांब आणि तारा लागत. समुद्रात असलेल्या जहाजाला तर कोणतीच तार पोहोचत नव्हती.

मार्कोनीने घराच्या माळ्यावर प्रयोगशाळा थाटली. एका बाजूला ठिणगी पाडणारे यंत्र ठेवले. दुसऱ्या बाजूला धातूचा भुगा भरलेली काचेची नळी बसवली. लहरी येताच भुग्याचे कण एकमेकांना चिकटत, त्यातून वीज वाहू लागे आणि घंटा वाजे. मधे तार नसताना खोलीच्या दुसऱ्या टोकाची घंटा वाजलेली पाहून त्याच्या आईला फार आनंद झाला. वडिलांना प्रथम हे सारे निरर्थक वाटत होते. पुढे त्यांनीही पैशांची मदत केली.

खोलीत घंटा वाजली, पण दूरवर संदेश जाईना. १८९५ च्या उन्हाळ्यात मार्कोनीने आपली यंत्रे बाहेर बागेत नेली. ठिणगीच्या यंत्राचे एक टोक त्याने तारेने खांबावरच्या पत्र्याच्या डब्याला जोडले आणि दुसरे टोक जमिनीत पुरले. ग्राहक यंत्रालाही अशीच तार लावली. डबा दोन मीटर उंचीवर असताना संदेश सुमारे ३० मीटर गेला. चार मीटर उंचीवर तो १०० मीटर गेला. आठ मीटर उंचीवर नेताच अंतर ४०० मीटर झाले. यंत्र तेच होते, वीजही तेवढीच होती. फक्त तार उंच गेली होती! मोठे डबे लावल्यावर तर संदेश सुमारे अडीच किलोमीटर दूर पोहोचला. मधे टेकडी असूनही तो अडला नाही. टेकडीपलीकडे उभा असलेला भाऊ आल्फोन्सो याने बंदुकीचा बार काढून संदेश मिळाल्याची खूण केली, असे सांगतात.

एरियल उंच असावी आणि तिच्या जोडीला जमिनीशी चांगला संबंध असावा, हे दोन नियम मार्कोनीला या बागेत सापडले. अंगणातल्या रेडिओच्या तारेलाही हेच नियम लागू पडतात. तार घराच्या भिंतींपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या हवेत असावी. ती झाडाला किंवा खांबाला थेट न बांधता मधे चिनी मातीचा अथवा काचेचा तुकडा घालावा, म्हणजे आलेली लहर खांबावाटे जमिनीत मुरत नाही. अर्थिंगची तार ओल्या जमिनीत खोल पुरावी. एवढे केले, तर साधा रेडिओही दूरचे केंद्र पकडतो.

१८९६ साली मार्कोनी आईबरोबर इंग्लंडला गेला आणि तेथे आपल्या शोधाचे पेटंट मागितले. टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी या तरुणाला प्रयोगांसाठी मदत केली. आता अंतर झपाट्याने वाढू लागले. १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून आणि १८९९ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील समुद्रावरून संदेश गेला. मार्कोनींची स्वतःची कंपनीही स्थापन झाली.

याच काळात आपल्या देशात जगदीशचंद्र बसू अशाच लहरींवर संशोधन करत होते. १८९५ साली त्यांनी कोलकात्यात या लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखवली होती. त्यांनी पारा वापरून नाजूक ग्राहक तयार केला होता आणि त्याची माहिती १८९९ साली प्रसिद्ध केली होती. मार्कोनींनी पुढे अटलांटिकच्या प्रयोगात पाऱ्याचाच ग्राहक वापरला. म्हणून या यशात बसूंचाही वाटा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. मोठे शोध एकट्या माणसाचे नसतात, हे यावरून दिसते.

मार्कोनींना आता अटलांटिक महासागर ओलांडायचा होता. पृथ्वी गोल आहे आणि लहरी सरळ जातात. मग हजारो किलोमीटर दूर त्या पोहोचणार कशा, असा प्रश्न विद्वान विचारत होते. मार्कोनींनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्धू येथे उंच खांबांचे वर्तुळ उभारून त्यावर तारा टांगल्या. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळ आले आणि सारे खांब कोसळले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील केप कॉड येथील खांबही पडले. कित्येक महिन्यांची मेहनत आणि पैसा मातीत गेला. पण ते थांबले नाहीत. पोल्धू येथे साधी एरियल घाईने उभारून ते दोन मदतनिसांसह न्यूफाउंडलंड बेटावर गेले.

तेथे सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर त्यांनी मुक्काम केला. खांब उभारायला वेळ नव्हता. म्हणून तार वर नेण्यासाठी त्यांनी फुगे आणि पतंग आणले होते. कडाक्याची थंडी होती, वारा घोंघावत होता. एक फुगा उडून गेला. एक पतंगही तारेसकट तुटला. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुसरा पतंग सुमारे १५० मीटर लांबीची तार घेऊन वर गेला. तो एकसारखा खालीवर होत असल्याने तारेची उंची बदलत होती. मार्कोनींनी कानाला टेलिफोनचा श्रवणी लावला. पोल्धूहून इंग्रजी एस या अक्षराचे तीन ठिपके पुन्हा पुन्हा पाठवले जात होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास ते ठिपके त्यांना अस्पष्ट ऐकू आले. मदतनीस केंप यांनीही ते ऐकले. संदेश सुमारे ३,४०० किलोमीटर अंतर कापून आला होता.

पण पुरावा काय? कागदावर काहीच उमटले नव्हते. अनेकांनी शंका घेतली आणि ती शंका आजही काही अभ्यासक घेतात. मार्कोनी वाद घालत बसले नाहीत. १९०२ साली फिलाडेल्फिया जहाजातून प्रवास करताना त्यांनी पोल्धूचे संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले. सुमारे अडीच हजार किलोमीटर अंतरापर्यंत ते उमटत राहिले. याच प्रवासात त्यांना एक नवी गोष्ट दिसली. रात्री जेवढ्या दूरवर संदेश मिळत, तेवढ्या दूरवर ते दिवसा मिळत नसत.

१९०९ साली मार्कोनींना जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ साली टायटॅनिक जहाज बुडाले, तेव्हा बिनतारी यंत्रावरून मदतीची हाक गेली. ती ऐकून कार्पेथिया जहाज धावून आले आणि सुमारे ७०० माणसांचे प्राण वाचले. बिनतारीचे मोल साऱ्या जगाला कळले.

त्याच वर्षी मोटार-अपघातात मार्कोनींचा उजवा डोळा गेला. तरीही त्यांचे काम चालूच राहिले. मात्र त्यांच्या मनात एक प्रश्न घोळू लागला. दूरवर जायचे, तर लहर लांबच हवी, असे ते आणि इतर अभियंते मानत आले होते. त्यामुळे लहरींची लांबी हजारो मीटर झाली, खांब अवाढव्य झाले आणि खर्च अफाट वाढला. आखूड लहरी, म्हणजे शॉर्टवेव्ह, निरुपयोगी समजून छंद म्हणून प्रयोग करणाऱ्या हौशी लोकांसाठी सोडून दिल्या होत्या. या हौशी लोकांनी कमाल केली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाच्या अमेरिकन हौशी अभ्यासकाने स्कॉटलंडमधील एका शेतात तंबू ठोकला आणि सुमारे ४०० मीटर लांब तार ताणली. अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश त्याला तेथे ऐकू आले.

मार्कोनींनी १९१६ पासूनच आखूड लहरींवर पुन्हा प्रयोग सुरू केले होते. एलेत्रा नावाचे जहाज घेऊन त्यांनी त्यालाच फिरती प्रयोगशाळा केले. १९२३ आणि १९२४ मध्ये पोल्धूहून सोडलेल्या आखूड लहरी त्यांनी दूरच्या समुद्रात ऐकल्या. ३२ मीटरची लहर तर भर दिवसाही हजारो किलोमीटर पोहोचली. या लहरी आकाशातील विद्युतभारित थरावर आदळून पुन्हा जमिनीकडे परततात, म्हणून त्या इतक्या दूर जातात. इतकी वर्षे ज्या वाटेने आपण गेलो, ती वाट खर्चाची आणि लांबची होती, हे मार्कोनींनी मान्य केले. जगभर नाव झालेल्या माणसाला हे सोपे नसते.

मग त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी नवी एरियल तयार केली. अनेक उभ्या तारा पडद्यासारख्या एका ओळीत टांगल्या आणि मागे तारांचा दुसरा पडदा लावला. विजेरीच्या दिव्यामागे चकचकीत वाटी असते, त्यामुळे उजेड एकाच दिशेला जातो. तसेच येथे झाले. लहरी चहूकडे न पसरता हव्या त्या देशाकडेच जाऊ लागल्या. थोड्या विजेत मोठे काम होऊ लागले.

या तारांचा पडदा महाराष्ट्रातही उभा राहिला. १९२७ साली इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये शॉर्टवेव्हची बिनतारी सेवा सुरू झाली. पुण्याजवळच्या खडकी येथून इंग्लंडला संदेश जात आणि तिकडचे संदेश दौंड येथे घेतले जात. दोन केंद्रे वेगळी का? जवळच जोरदार प्रक्षेपक चालू असेल, तर दूरची क्षीण हाक ऐकू येत नाही. म्हणून ग्राहक एरियल गोंगाटापासून दूर ठेवली. समुद्रतळाच्या तारेतून जाणारे संदेश आता आकाशातूनही जाऊ लागले.

उतारवयात मार्कोनी इटलीत मोठ्या पदांवर होते. मुसोलिनीच्या हुकूमशाहीला त्यांनी पाठिंबा दिला, ही त्यांच्या जीवनातील खेदाची बाजू आहे. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना त्याचे गुण घ्यावेत आणि दोषही डोळ्यांआड करू नयेत.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनींचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी अनेक देशांतील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली. ज्या आकाशात त्यांनी संदेशांची गजबज केली, ते आकाश त्यांच्यासाठी क्षणभर शांत झाले.

शब्दार्थ

अग्रभागी – सर्वांत पुढे
सधन – श्रीमंत
थाटणे – मांडणे, उभारणे
निरर्थक – अर्थ नसलेले
श्रवणी – कानाला लावून ऐकण्याचे साधन
अवाढव्य – फार मोठे
क्षीण – अशक्त, मंद
हौशी – आवडीने काम करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मार्कोनीचा जन्म कोठे झाला?
(आ) सिग्नल हिल येथे तार वर नेण्यासाठी कशाचा उपयोग केला?
(इ) इंग्लंडहून येणारे संदेश महाराष्ट्रात कोठे घेतले जात?

२. कारणे लिहा.
(अ) खडकी आणि दौंड ही दोन वेगळी केंद्रे उभारली.
(आ) १९०१ च्या प्रयोगाबद्दल अनेकांनी शंका घेतली.

३. वाक्यात उपयोग करा : मातीत जाणे, डोळ्यांआड करणे, कमाल करणे.

४. उपक्रम : वडीलधाऱ्यांच्या मदतीने रेडिओला अंगणात तार लावून पाहा. तार आधी खाली, मग उंच बांधा आणि आवाजातील फरक वहीत लिहा. विजेच्या तारांजवळ जाऊ नका. आकाशात विजा चमकण्यापूर्वीच तार रेडिओपासून सोडवून ठेवा.