आयर्टन सेन्ना: टकरीनंतरचा प्रश्न

जपानमधील सुझुका येथे २१ ऑक्टोबर १९९० रोजी फॉर्म्युला वन शर्यत सुरू होऊन जेमतेम दहा सेकंद झाली होती. पहिल्याच वळणावर ब्राझीलच्या आयर्टन सेन्नाची मोटार फ्रान्सच्या अलेन प्रॉस्टच्या मोटारीवर आदळली आणि धुळीच्या लोटात दोन्ही मोटारी मार्गाबाहेर गेल्या. सुदैवाने दोघेही सुखरूप होते. या टकरीमुळे त्या वर्षीचे विश्वविजेतेपद सेन्नाच्या नावावर निश्चित झाले. मात्र त्याच क्षणी एका प्रश्नाने त्याला गाठले. ही टक्कर चुकून झाली की जाणूनबुजून? या प्रश्नाचे खरे उत्तर देण्यासाठी त्याला एक वर्ष लागले.

आयर्टन सेन्ना दा सिल्वा याचा जन्म २१ मार्च १९६० रोजी साओ पावलो येथे एका सधन कुटुंबात झाला. वडील मिल्टन यांनी त्याला चौथ्या वर्षीच एक छोटी कार्ट बनवून दिली. तेराव्या वर्षी तो कार्ट शर्यतींत उतरला. १९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि १९८३ मध्ये त्याने ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी ओल्टन पार्क येथे त्याची मोटार प्रतिस्पर्धी मार्टिन ब्रंडलच्या मोटारीवर चढली होती. समोर फट दिसली की तीत शिरायचे, हा त्याचा स्वभाव तेव्हाच दिसून आला. या स्वभावाने त्याला विजय मिळवून दिले आणि टकरीही घडवून आणल्या.

१९८४ मध्ये टोलमन संघातर्फे त्याने फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. मोनॅकोच्या मुसळधार पावसात तो दुसरा आला आणि जाणकारांच्या नजरेत भरला. पुढील वर्षी लोटस संघाकडून खेळताना एस्टोरिल येथे, तेही पावसातच, त्याने पहिला विजय मिळवला. १९८७ मध्ये बेल्जियममधील शर्यतीत पहिल्याच फेरीत त्याची नायजेल मॅन्सेलच्या मोटारीशी टक्कर झाली. संतापलेल्या मॅन्सेलने लोटस संघाच्या जागेत जाऊन सेन्नाची कॉलर धरली. मेकॅनिक मंडळींनी मध्ये पडून दोघांना दूर केले. शर्यतीतील भांडण शर्यतीनंतर कोठवर जाऊ शकते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

१९८८ मध्ये सेन्ना मॅक्लॅरेन संघात आला. तेथे दोन वेळचा विश्वविजेता प्रॉस्ट त्याचा सहकारी होता. त्या वर्षीच्या १६ शर्यतींपैकी १५ या दोघांनी मिळून जिंकल्या. सेन्नाने आठ जिंकून पहिले विश्वविजेतेपद पटकावले. मात्र याच मोसमात एस्टोरिल येथे पूर्ण वेगात असताना त्याने प्रॉस्टला पिटच्या भिंतीकडे रेटले आणि प्रॉस्टने त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. १९८९ मध्ये इमोला येथे सुरुवातीच्या वळणावर एकमेकांना मागे टाकायचे नाही, असे दोघांत ठरले होते. सेन्नाने तो समझोता मोडल्याचा आरोप प्रॉस्टने केला आणि ही गोष्ट फ्रेंच वृत्तपत्रातून जगजाहीर झाली. तेव्हापासून दोघांमधील संवाद तुटला. संघाच्या बंद खोलीत मिटू शकला असता असा वाद वृत्तपत्रांच्या रकान्यांत चालू लागला आणि दोघांनाही त्यातून माघार घेणे अवघड झाले.

२२ ऑक्टोबर १९८९ रोजी सुझुका येथे विजेतेपदाच्या आशा टिकवण्यासाठी सेन्नाला विजय अत्यावश्यक होता. ५३ पैकी ४७ व्या फेरीत त्याने आतल्या बाजूने प्रॉस्टला मागे टाकण्याचा प्रयत्न केला. प्रॉस्टने मोटार वळवली आणि दोन्ही मोटारी एकमेकींत अडकून थांबल्या. प्रॉस्ट उतरून चालू लागला. सेन्नाने मात्र मार्शलांकडून मोटार ढकलून घेतली, पर्यायी रस्त्याने पुन्हा मार्गावर येऊन तुटलेला पुढचा पंख बदलला आणि अलेसांद्रो नानिनीला गाठून शर्यत जिंकली. वळण टाळून मार्गावर परतल्याच्या कारणावरून त्याला बाद ठरवण्यात आले. विजय नानिनीला आणि विश्वविजेतेपद प्रॉस्टला मिळाले.

मॅक्लॅरेनने दाद मागितली, तेव्हा दिलासा मिळण्याऐवजी शिक्षा वाढली. एक लाख डॉलर दंड आणि सहा महिन्यांची स्थगित बंदी सेन्नावर लादण्यात आली. त्यानंतर ॲडलेड येथे वार्ताहरांसमोर आलेला सेन्ना कमालीचा व्यथित होता. विजेतेपदाचा निकाल आधीच ठरवला गेला, असा थेट आरोप त्याने केला. हा आरोप आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा महासंघाचे फ्रेंच अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांना झोंबला. १९९० चा मोसम सुरू होण्यापूर्वी सेन्नाचा परवानाच अडचणीत आला. दंड भरला गेला आणि मवाळ शब्दांतील निवेदन निघाले, तेव्हा कोठे त्याचा मार्ग मोकळा झाला. टकरीपेक्षा टकरीनंतर उच्चारलेल्या शब्दांची किंमत अधिक असू शकते, हा धडा त्याला मिळाला. तो त्याने मनातल्या मनात ठेवला, परंतु स्वीकारला नाही.

१९९० मध्ये प्रॉस्ट फेरारी संघात गेला. मोंझा येथील पत्रकार परिषदेत दोघांमधील अबोल्याविषयी विचारणा झाली आणि सर्वांसमक्ष दोघांनी हस्तांदोलन केले. हा समेट फार काळ टिकला नाही. सुझुका येथे सेन्नाने सर्वांत वेगवान वेळ नोंदवून पोल पोझिशन मिळवली. मात्र ही जागा मार्गाच्या धुळकट बाजूला होती. ती स्वच्छ बाजूला हलवावी, अशी त्याची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि यामागे बालेस्त्र यांचा हात आहे, अशी त्याची खात्री झाली. शर्यत सुरू होताच दुसऱ्या क्रमांकावरचा प्रॉस्ट पुढे निघाला. पहिल्या वळणावर तो आत वळला. सेन्नाने वेग कमी केला नाही.

टकरीनंतर प्रॉस्टने अतिशय कठोर शब्दांत सेन्नाचा निषेध केला. सेन्नाने आपला दोष नाकारला. समोर मोकळी जागा होती, तीत शिरणे हे शर्यतपटूचे कामच आहे, अशी त्याची भूमिका होती. दोन आठवड्यांनी ॲडलेड येथे तीन वेळचे विश्वविजेते जॅकी स्ट्युअर्ट यांनी दूरचित्रवाणीसाठी त्याची मुलाखत घेतली. अलीकडच्या काही वर्षांत सेन्नाच्या मोटारीचा इतर मोटारींशी जितका संपर्क आला, तितका आधीच्या सर्व विश्वविजेत्यांचा मिळूनही आला नसेल, याकडे स्ट्युअर्ट यांनी त्याचे लक्ष वेधले. सेन्नाचा चेहरा ताठरला. इतक्या अनुभवी शर्यतपटूने असा प्रश्न विचारावा याचेच त्याने आश्चर्य व्यक्त केले. आपण विजयासाठीच शर्यतीत उतरतो, दिसलेली संधी सोडणारा शर्यतपटू उरत नाही, असे त्याने ठामपणे बजावले.

हे उत्तर पुढे जगभर गाजले. शर्यतपटूच्या निर्भयतेचा जाहीरनामा म्हणून आजही त्याचा उल्लेख होतो. मात्र ते ज्या प्रश्नाला दिले गेले, त्याचे ते उत्तर नव्हते. स्ट्युअर्ट यांनी टकरींविषयी विचारले होते आणि सेन्नाने शर्यतीच्या तत्त्वज्ञानाविषयी सांगितले होते. त्या वेळी बोलणे किती जोखमीचे होते, हेही लक्षात घ्यावे लागते. जाणीवपूर्वक टक्कर दिल्याची कबुली म्हणजे परवाना आणि विजेतेपद दोन्ही धोक्यात, हे आधीच्या वर्षी दंड भरलेल्या सेन्नाला पुरते ठाऊक होते.

वर्षभरानंतर, २० ऑक्टोबर १९९१ रोजी पुन्हा सुझुका येथेच त्याने तिसरे विश्वविजेतेपद मिळवले. शर्यतीच्या अखेरीस त्याने विजय संघसहकारी गेरहार्ड बर्गरला देऊ केला. त्याच महिन्यात बालेस्त्र यांचा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मॅक्स मोस्ली यांच्याकडून पराभव झाला होता. त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत सेन्नाच्या मनातील बांध फुटला. पोल पोझिशनच्या जागेचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला, तेव्हाच पहिल्या वळणावर प्रॉस्ट पुढे असला तरी माघार घ्यायची नाही, असे आपण ठरवले होते, हे त्याने सांगितले. बालेस्त्र यांच्यावर त्याने शिवराळ भाषेत टीका केली. या कबुलीत खेद नव्हता. आपल्यावर अन्याय झाला आणि त्याचा परिणाम म्हणून टक्कर झाली, अशी त्याची मांडणी होती. तरीही वर्षभर टाळलेल्या प्रश्नाला त्याने अखेर उत्तर दिले होते. सत्य सांगितल्याने १९९० चे विजेतेपद गेले नाही, मात्र ते निर्मळ आहे असे म्हणण्याचा मार्ग त्याने स्वतःच बंद केला.

हाच सेन्ना इतरांच्या जिवाबाबत किती हळवा होता, हे १९९२ मध्ये बेल्जियममध्ये दिसले. सरावात एरिक कोमासच्या मोटारीला भीषण अपघात झाला. सेन्ना स्वतःची मोटार थांबवून मार्गावरून धावत त्याच्याकडे गेला आणि त्याने कोमासच्या मोटारीचे इंजिन बंद केले. त्याचा तापट स्वभाव मात्र बदलला नव्हता. १९९३ मध्ये सुझुका येथे एक फेरी मागे असलेल्या नवोदित एडी आयर्विनने त्याला पुन्हा ओलांडले. शर्यत जिंकूनही सेन्ना जाब विचारण्यासाठी त्याच्याकडे गेला. आयर्विन नमला नाही आणि सेन्नाने त्याला ठोसा मारला. तेथे उपस्थित असलेल्या एका वार्ताहराच्या ध्वनिमुद्रकावर ही बाचाबाची नोंदली गेली. इतरांना जाब विचारणारा सेन्ना आणि स्वतःला जाब विचारला जाताच संतापणारा सेन्ना, यांत विसंगती होती. ती त्याच्या चाहत्यांनाही जाणवत असे.

त्याच वर्षी ॲडलेड येथे त्याने आपला ४१ वा आणि अखेरचा विजय मिळवला. निवृत्त होत असलेल्या प्रॉस्टला त्याने विजयमंचावर आपल्या शेजारी ओढून घेतले. १९९४ मध्ये तो विल्यम्स संघात गेला. ३० एप्रिल रोजी इमोला येथे ऑस्ट्रियाच्या रोलँड रात्झेनबर्गरचा अपघाती मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्नाने सहकाऱ्यांबरोबर शर्यतपटूंच्या सुरक्षिततेसाठी पुन्हा संघटना उभारण्याची चर्चा केली. फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी मोटारीतून बोलताना, समालोचक म्हणून आलेल्या प्रॉस्टला त्याने मित्र म्हणून अभिवादन केले आणि त्याची उणीव भासत असल्याचे सांगितले. त्याच दुपारी, १ मे १९९४ रोजी, तांबुरेलो वळणावर त्याची मोटार भिंतीवर आदळली. तो ३४ वर्षांचा होता.

ब्राझीलमध्ये तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला. साओ पावलो येथील अंत्ययात्रेत शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांमध्ये प्रॉस्ट होता. सेन्नाची बहीण विवियानी हिने त्याच वर्षी मुलांच्या शिक्षणासाठी आयर्टन सेन्ना संस्था स्थापन केली.

टकरीनंतरचा तो प्रश्न सेन्नाबरोबर संपला नाही. १९९७ मध्ये हेरेझ येथे मायकेल शूमाकर जॅक व्हिलनव्हच्या मोटारीवर आदळला, तेव्हा त्यालाही तेच विचारले गेले आणि अखेर त्याचे विश्वविजेतेपदातील स्थान काढून घेण्यात आले. २०१४ पासून शर्यतपटूंच्या परवान्यावर दंडगुण नोंदवले जातात. पंचांकडे मोटारींची माहिती आणि अनेक कॅमेऱ्यांची चित्रे असतात. हेतू मात्र कोणत्याही यंत्राला दिसत नाही. तो सांगायचा की नाही, आणि केव्हा सांगायचा, हे आजही हेल्मेट काढून वार्ताहरांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.