दुर्गा खोटे : दुसऱ्या डावाची नायिका

मित्रांनो, 'शोले'मधला कालिया माहीत नाही असा माणूस आपल्या होस्टेलवर शोधूनही सापडणार नाही. ते काम करणारे विजू खोटे आणि हिंदी-मराठी पडदा गाजवणाऱ्या शुभा खोटे ही सख्खी भावंडं. पण त्यांच्या काकूचं नाव विचारलं की टीव्ही रूममध्ये एकदम शांतता! ती काकू म्हणजे दुर्गा खोटे. 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बॉबी'मधली आजी, 'कर्ज'मधली आई... चेहरा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, नाव मात्र आठवत नाही. चरित्र भूमिका करणाऱ्यांच्या नशिबी हे असतंच. पण दुर्गाबाईंचं आयुष्य नुसतं 'जुन्या काळची एक नटी' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. विशेषतः आपल्यासारख्या, प्लेसमेंटच्या यादीकडे डोळे लावून बसलेल्या पोरांनी तर ते जरूर वाचावं.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईचा. माहेर लाडांचं, मूळ गोव्याकडचं. वडील पांडुरंग लाड नावाजलेले सॉलिसिटर. घरात पैसा, पुस्तकं, गाणं सगळं होतं. शाळा कॅथेड्रल आणि कॉलेज सेंट झेवियर्स! त्या काळात मुलींनी चौथी-पाचवी केली तरी पुष्कळ झालं असं मानलं जायचं, हे लक्षात घेतलं म्हणजे या शिक्षणाची किंमत कळते. विशीच्या आतच लग्न झालं. सासरचे खोटेही बडी आसामी. पती विश्वनाथ खोटे बनारस हिंदू विद्यापीठातून शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे आपल्याच बिरादरीतले! श्रीमंत घर, शिकलेला नवरा, बकुल आणि हरिन ही दोन मुलं. वरून पाहणाऱ्याला वाटावं, आयुष्य सेट झालं.

पण तसं व्हायचं नव्हतं. सासरची आर्थिक घडी पार विस्कटली. विश्वनाथही अकाली गेले आणि दोन मुलांचा सगळा भार दुर्गाबाईंवर आला. मोटारीतून फिरलेली ही बाई चार पैसे मिळावेत म्हणून शिकवण्या घेऊ लागली. डिग्री, घराणं, मोठं आडनाव यातलं काहीही वाण्याची उधारी फेडत नाही, हे त्यांना पंचविशीच्या आसपासच कळून चुकलं.

अशातच १९३१ साली एक काम चालून आलं. मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात जेमतेम दहा मिनिटांची भूमिका. बोलपट नुकतेच सुरू झाले होते आणि मूकपटाला बोलणारा तुकडा जोडून तो खपवायची धडपड चालली होती. दुर्गाबाईंनी पैशाची गरज म्हणून काम केलं. आपला तुकडा सोडून बाकी चित्रपटात काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. चित्रपट लागला आणि एकच गहजब झाला. एवढ्या प्रतिष्ठित घरातली सून असल्या चित्रपटात? माहेर आणि सासर, दोन्हीकडे माना खाली गेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच पेपरला केटी लागली, आणि तीही अख्ख्या मुंबईच्या नोटीस बोर्डावर!

इथे थोडं थांबून त्या काळाचा विचार करायला हवा. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना बाई मिळाली नव्हती. अण्णा साळुंके नावाच्या तरुणानं लुगडं नेसून ती भूमिका केली. पुढे बायका पडद्यावर आल्या, पण घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या नाहीत. सिनेमात जाणं म्हणजे नाव बुडवणं, हे समीकरण पक्कं होतं. दुर्गाबाईंच्या पहिल्या प्रयत्नानं ते खोटं ठरण्याऐवजी उलट आणखीच पक्कं झालं. दुसरी कुणी असती तर तिथेच संपली असती.

पण हाच चित्रपट कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांताराम यांनी पाहिला. इतरांना त्यात बेअब्रू दिसली, शांतारामांना मात्र चेहरा आणि आवाज दिसला. प्रभातचा पहिला बोलपट तयार व्हायचा होता, 'अयोध्येचा राजा'. कथा तीच, हरिश्चंद्राची. भूमिकाही तीच, तारामतीची. फाळक्यांच्या तारामतीनंतर १९ वर्षांनी, १९३२ मध्ये, झेवियर्समध्ये शिकलेली एक बाई ती भूमिका करत होती. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे.

या चित्रपटाची तांत्रिक बाजू आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तर बघायलाच हवी. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, ते आपल्याकडे रुळलं १९३५ नंतर. म्हणजे कॅमेऱ्यासमोर जो उभा तोच गाणार, वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसणार, आणि अभिनय, गाणं, ध्वनिमुद्रण सगळं एकाच दमात. कुणी खोकलं की पहिल्यापासून सुरू! डबिंगची सोय नसल्यामुळे चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढायचा. प्रत्येक प्रसंग दोन भाषांत, दोनदा. ध्वनीची बाजू सांभाळणारे विष्णुपंत दामले हे कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेले नव्हते. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली स्वदेशी कॅमेरा बनवताना जे शिकले, त्या जोरावर त्यांनी हे काम पेललं. दुर्गाबाईंनी या सगळ्या खटाटोपात स्वतःच्या आवाजात गाणी म्हटली आणि दोन्ही भाषांत तारामती उभी केली. चित्रपट चालला, आणि ज्या समाजानं वर्षभरापूर्वी नावं ठेवली होती तोच समाज तिकिटाच्या रांगेत उभा राहिला.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या, सोबत खराखुरा चित्ता! मग कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्याकडे 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) केले. 'सीता'मध्ये राम होते पृथ्वीराज कपूर. परत प्रभातमध्ये येऊन १९३६ चा 'अमर ज्योती'. यात त्या सौदामिनी नावाच्या समुद्री चाचीण झाल्या. आईला पोटच्या मुलाचा ताबा नाकारणाऱ्या राजवटीविरुद्ध ही सौदामिनी बंड करून उठते. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या काळी नट-नट्या कंपनीच्या मासिक पगारावर असत. आपल्या तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात कामगार जसा हजेरीपटावर असतो, तसंच. कंपनी सांगेल ते काम, दुसरीकडे जायची सोय नाही. दुर्गाबाईंनी हे नाकारलं. प्रभात, न्यू थिएटर्स, ईस्ट इंडिया, प्रकाश, जिथे भूमिका चांगली तिथे त्या जात. आज ज्याला आपण फ्रीलान्स म्हणतो ते त्यांनी तिशीच्या दशकातच केलं. दोन मुलांची आई, महिन्याच्या खात्रीच्या पगाराला नाही म्हणते... बोईसर स्टेशनबाहेर सकाळच्या पाळीला निघालेल्या एखाद्याला विचारा, याला किती हिंमत लागते ते!

पण त्यांची खरी हिंमत मला यापुढे दिसते. १९४१ मध्ये 'पायाची दासी' हा चित्रपट आला, हिंदीत 'चरणों की दासी'. त्यात नायिका होत्या वनमाला, आणि दुर्गाबाई झाल्या तिला छळणारी सासू. वय किती? अवघं ३६! पाच वर्षांपूर्वी जहाजावर तलवार घेऊन उभी राहिलेली नायिका आता सुनेला छळणारी सासू. पुढच्याच वर्षी 'भरत भेट'मध्ये कैकेयी, म्हणजे घराघरात शिव्या खाणारं पात्र. आठ वर्षांपूर्वी सीता म्हणून लोकांचे नमस्कार घेतले होते, आता रामाला वनात पाठवायचं होतं. या दोन्ही भूमिकांबद्दल बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेनं त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. नायिकेचे दिवस संपले म्हणून रडत बसण्यापेक्षा त्यांनी दुसरा डाव स्वतःहून मांडला, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी लांब चालला.

याच काळात त्या नाटकाकडे वळल्या. सिनेमात नाव झालं की नाटकाकडे पाठ फिरवायची, अशी साधारण रीत. यांचं उलटं. इप्टाशी त्यांचा संबंध आला, आणि मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवर तर त्यांनी फार मोठं काम केलं. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'मधली आनंदीबाई त्यांनी केली. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून इतिहासाच्या पुस्तकात भेटणारी तीच आनंदीबाई. १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' लिहिलं, त्यातली लेडी मॅकबेथच्या जागेवरची भूमिका दुर्गाबाईंची. नानासाहेब फाटकांसारखा, नुसत्या आवाजानं थिएटर हलवणारा नट समोर असताना रंगमंचावर उभं राहणं काही खायचं काम नाही. रंगभूमीवर रीटेक नसतो, हे गॅदरिंगला एकांकिका केलेल्या आपल्यातल्या मंडळींना सांगायला नकोच. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मग १९६० चा 'मुगल-ए-आझम'. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे बंड केलेला मुलगा, आणि मध्ये जोधाबाई. दिलीपकुमार, मधुबाला आणि पृथ्वीराज यांच्या गर्दीत ही भूमिका सहज हरवली असती. पण त्या घरात सगळे आपापल्या हट्टाला चिकटलेले असताना दोन्हीकडून पोळणारी एकटी आई आहे, हे दुर्गाबाईंच्या नुसत्या बघण्यावरून कळतं. आणि गंमत बघा, अकबर झालेले पृथ्वीराज म्हणजे १९३४ च्या 'सीता'मधले राम! २६ वर्षांनी तीच जोडी, आता नायकाचे आई-बाप म्हणून.

त्यानंतर मात्र आई, आजी, मावशी, मोठी जाऊ अशा भूमिकांची रांगच लागली. 'बावर्ची', 'अभिमान', 'बॉबी', 'कर्ज'... एकूण चित्रपट दोनशेच्या घरात. 'बिदाई' (१९७४) साठी सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा वय सत्तरीला टेकलेलं. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती त्यांच्याच नावाचा पुरस्कार पहिल्या मराठी बोलपटातल्या तारामतीला मिळाला. वर्तुळ पूर्ण होणं म्हणतात ते हेच.

या सगळ्यात दुःखं काही थांबली नव्हती. धाकटा मुलगा हरिन अकाली गेला. त्याच्या पत्नी विजयाबाई म्हणजेच पुढे मराठी रंगभूमीला नवं वळण देणाऱ्या विजया मेहता. दुर्गाबाई कामात राहिल्या. त्यांनी माहितीपट, लघुपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था चालवली. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' याच दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या जगावरची ही मालिका १९८८ मध्ये सुरू झाली. आपल्या आई-बाबांना तिचं नुसतं नाव सांगा आणि त्यांचे चेहरे बघा. २०२१ मध्ये याच नावानं नवी मालिकाही आली. म्हणजे ऐंशी वर्षं ओलांडल्यावरही या बाईला बदलत्या काळाचं माध्यम ओळखता येत होतं. मूकपटाचा शेवट, बोलपट, रंगभूमी, रंगीत सिनेमा आणि टीव्ही... प्रत्येक वेळी तंत्र बदललं आणि प्रत्येक वेळी त्या शिकल्या.

उतारवयात त्या अलिबागला राहिल्या आणि 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र लिहिलं. आपल्या लायब्ररीत नसेल तर जरूर मागवून घ्यावं. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. २०१३ मध्ये भारतीय सिनेमाच्या शंभरीनिमित्त टपाल खात्यानं तिकिटं काढली, त्यात एक त्यांचंही होतं.

मित्रांनो, आपल्याला कॅम्पसमध्ये पहिली नोकरी कुठली, पॅकेज किती, यापलीकडे काही दिसत नाही. पहिली संधी हुकली किंवा पहिलंच काम फसलं की संपलं सगळं असं वाटायला लागतं. दुर्गाबाईंची पहिली संधी तर नुसती फसली नाही, तिनं घराची लाज काढली. तरी त्या उठल्या, कारण घरी दोन पोरं होती आणि हाताला काम हवं होतं. नंतर नाव झालं तेव्हाही त्या नावाला कवटाळून बसल्या नाहीत. मधली खुर्ची सोडून कडेला उभं राहायची वेळ आली तेव्हा त्या कडेला गेल्या, आणि लोकांची नजर तिकडे वळली. पुढच्या वेळी मेसमधून आल्यावर मोबाइलवर 'मुगल-ए-आझम' लावाल तेव्हा गाणी पुढे-मागे करताना जोधाबाईपाशी जरा थांबा. आणि हो, नाव लक्षात ठेवा... दुर्गा खोटे!