डावखुऱ्या फिरकीचा दीर्घ बहर

खेळाडूच्या उमेदीची वर्षे किती, या प्रश्नाचे उत्तर सहसा आकडेवारीत शोधले जाते. पालवणकर बाळू यांच्या बाबतीत मात्र आकडेवारीच उशिरा सुरू होते. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी आणि १५.२१ ही सरासरी कोणत्याही काळातील फिरकी गोलंदाजाला भूषणावह ठरावी. पण त्यातला पहिला सामना आहे फेब्रुवारी १९०६मधला. त्या वेळी बाळू तिशीच्या उंबरठ्यावर होते. भारताचा ऱ्होड्स म्हणून त्यांचा पुढे गौरव झाला. तो यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स १८७७चा, बाळू १८७६चे. दोघेही डावखुरे, दोघेही संथ गोलंदाज. ऱ्होड्स विसाव्या वर्षी कौंटीच्या संघात आला आणि पहिल्याच मोसमात त्याने १५४ बळी टिपले. त्याच वयातले बाळू पुण्यात काय करीत होते, हे पाहिल्याशिवाय या दोन कारकिर्दींची तुलना करता येत नाही.

पालवणकरांचे मूळ कोकणातले. जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बालपण पुण्याच्या छावणीत गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटे शिवराम क्रिकेट शिकले. पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरवण्याचे काम मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर नेमणूक झाली. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची आणि सभासदांच्या सरावासाठी गोलंदाजी करायची, असे या नोकरीचे स्वरूप होते. त्या वेळचे नामवंत फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या चेंडूंवर सराव करीत. आपल्याला बाद केले की ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या सरावाची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही. नेट्समधल्या नोकराच्या हाती कोणी बॅट मात्र क्वचितच दिली.

ऐन विशीतली ही वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही. चेंडू दोन्ही बाजूंनी वळवणे, उंची आणि वेग बदलणे, टप्पा न चुकवता तासन् तास मारा करणे ही बाळूंची शिदोरी तिथेच तयार झाली. पण शिदोरी बांधून झाली तरी प्रवासाला परवानगी नव्हती. पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि ते बाळूंशिवाय जमणार नाही हे त्यांना कळत होते. अस्पृश्य मानलेल्या गोलंदाजाला संघात घ्यावे की नाही, यावर तरीही वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहाच्या सुट्टीत मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. पुढे विजय मिळत गेले तसा हा कडवेपणा थोडा सैलावला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनीही बाळूंचे जाहीर कौतुक केले.

पुण्यात १८९६मध्ये प्लेग आला, तेव्हा कुटुंब मुंबईला गेले. तेथे हिंदू जिमखान्याच्या संघात बाळू आले, पाठोपाठ शिवरामही. प्रेसिडेन्सी सामने तोवर पारशी आणि युरोपियन यांच्यातच होत. हिंदूंना संधी मिळाली ती १९०६मध्ये, आणि एका सामन्यावर साऱ्या समाजाची प्रतिष्ठा लागली. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी पहिल्या डावात १९१. दुसऱ्या डावात मात्र त्यांची दाणादाण उडाली आणि संघ १०२ धावांत कोसळला. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या फिरकीचा वाटा मोठा होता. पुढे १९०७मध्ये तिरंगी आणि १९१२मध्ये चौरंगी सामने सुरू झाले. वर्षातून एकदाच येणारी ही स्पर्धा बाद पद्धतीची. हरले की पुढल्या वर्षापर्यंत थांबायचे. अशा सामन्यांत वर्षानुवर्षे हिंदूंचा मुख्य गोलंदाज बाळूच होते.

त्यांचा खरा कस लागला तो १९११च्या इंग्लंड दौऱ्यात. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. पण मैदानापेक्षा मेजवान्यांतच त्यांचा वेळ अधिक गेला आणि के. एम. मिस्त्रींसारखा अव्वल फलंदाजही त्यांच्या दिमतीला अडकून पडला. संघाने २३ सामन्यांत १५ पराभव पत्करले, सहा सामने जिंकले. पस्तिशीतल्या बाळूंचा खांदा दुखत होता. तरीही केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी, लीस्टरशायरवरच्या विजयात ११ बळी आणि संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी, तेही १९हून कमी सरासरीने! प्रथम श्रेणीचे सामनेच धरले तरी ७५ बळी होतात. म्हणजे साऱ्या कारकिर्दीतल्या बळींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक त्या एका उन्हाळ्यातले. दर आठवड्याला खेळायला मिळाले असते तर हा आकडा कोठवर गेला असता, याचा अंदाज त्यावरून करावा.

परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. दलित समाजातल्या तरुणांचे ते दैवत बनले. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी आदर होता. कर्णधारपद मात्र येईना. संघातला सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू असूनही दर वर्षी ते नाव बाजूला राहिले आणि एम. डी. पै यांची निवड होत राहिली. हा मान बाळूंचा आहे, असे खुद्द पै यांनीच जाहीरपणे सांगितले, हे त्यांच्या दिलदारपणाचे लक्षण. निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही.

दरम्यान वय आपले काम करीत होते. संथ गोलंदाज फलंदाजापेक्षा उशिरा मावळतो हे खरे; ऱ्होड्स ५२व्या वर्षी, १९३०मध्ये कसोटी खेळला. पण त्यालाही सीमा असते. १९२०मध्ये ४४ वर्षांच्या बाळूंना संघातून वगळले गेले. पै आजारी असल्याने कर्णधारपद पालवणकर बंधूंना डावलून तरुण दि. ब. देवधरांकडे गेले. शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी निषेध नोंदवून संघाबाहेर राहणे पसंत केले. वादळ उठले. पै बरे होऊन परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार म्हणून सन्मानाने बोलावण्यात आले. अंतिम सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ सूत्रे बाळूंच्या हाती आली. बोटांतली जादू ओसरल्यावर, उसन्या वेळात मिळालेले हे नेतृत्व! तो त्यांचा अखेरचा मोसम ठरला.

विठ्ठल १९२३मध्ये हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी युरोपियनांना नमवून संघाने स्पर्धा जिंकली.

बाळू पुढे राजकारणात आले. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि सुमारे दोन हजार मतांनी त्यांचा पराभव झाला. एकेकाळचा चाहताच आता प्रतिस्पर्धी होता, आणि समाजाचा कौलही त्याच्याच बाजूने पडला. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनातून हळूहळू दूर झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.